शाळेतली 'शुगर'



वाकोल्याला खोली करून राहिलेली आपल्याकडची पोरं सुट्टीला आली की विचारतात, "शाळेतले संगणक धूळ का खातायत?" उत्तर सोपे आहे. यंत्रे जुनी झाली, आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार कंपनीने ऑक्टोबर 2025 मध्ये थांबवला.

पण दुसरी वाट आहे. कर्जतजवळच्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत 2007 साली मुलांच्या हाती छोटे संगणक आले. त्यांतल्या प्रणालीचे नाव 'शुगर', म्हणजे आपली साखरच! तिचा पाया लिनक्सचा. त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत. आपण एकदा चांगले बेणे आणतो, वाढवतो, शेजाऱ्याला देतो, तसेच हे. 1991 पासून जगभरच्या जाणकारांनी ते मिळून वाढवले. सहकार म्हणतात तो हाच. केरळच्या सरकारी शाळांनीही हीच वाट धरली.

अर्थात फुकट म्हणजे बिनकष्टाचे नव्हे. मास्तरांना नव्याने शिकावे लागेल, दुरुस्तीला माहीतगार माणूस शोधावा लागेल. बेणे फुकट मिळाले तरी मशागत चुकत नाही.

आमचे सांगणे एवढेच : यंत्रे भंगारात घालण्याआधी एकावर लिनक्स चालवून पाहा. शाळा समितीच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.