शेजारचा बाजार आणि घरचा रुपया

देशाचे चलन त्याच्या टांकसाळीत घडत असले, तरी त्याचे मोल ठरते ते बाजारात. आणि तो बाजार मुख्यतः एकाच मोठ्या शेजाऱ्याचा असेल, तर चलनाचे स्वातंत्र्य आपोआपच आखडते. नेपाळचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

नेपाळच्या परदेशव्यापाराचा सुमारे दोनतृतीयांश भाग भारताशी चालतो. सरहद्द खुली आहे. अशा स्थितीत दोन्ही रुपयांचा परस्परभाव रोज हेलकावे खाऊ लागला, तर औषधापासून इंधनापर्यंत प्रत्येक वस्तूची किंमत डळमळेल. म्हणून १९५६ साली स्थापन झालेल्या नेपाळ राष्ट्र बँकेने १९६० मध्ये शंभर भारतीय रुपयांस १६० नेपाळी रुपये असा दर बांधून दिला.

या बंधनाची कसोटी जून १९६६ मध्ये लागली. भारताने अवमूल्यन करून डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर नेला. नेपाळने मात्र आपला डॉलरशी असलेला दर बदलला नाही. दोन्ही रुपये जवळजवळ सारख्याच मोलाचे झाले. प्रतिष्ठेच्या दृष्टीने ही गोष्ट सुखावह होती. व्यवहाराच्या दृष्टीने नव्हती. भारतात शंभर रुपयांस विकलेल्या तांदळाचे पूर्वी १६० नेपाळी रुपये हाती पडत, ते आता सुमारे १०१ पडू लागले. उलट, भारतीय माल नेपाळात स्वस्त झाला. अखेर डिसेंबर १९६७ मध्ये नेपाळलाही अवमूल्यन करावे लागले व दर १३५ ठरला. पुढे तो अनेकदा बदलला आणि फेब्रुवारी १९९३ पासून पुन्हा १६० वर स्थिरावला.

या स्थैर्याचे मोल नेपाळ दोन प्रकारे देतो. डॉलरच्या तुलनेत भारतीय रुपया घसरला, की नेपाळी रुपयाही त्याच्यामागून घसरतो. मग त्यास नेपाळातील कारण असो वा नसो. शिवाय आयातीसाठी लागणारे भारतीय रुपये निर्यातीतून पुरेसे मिळत नाहीत. ते डॉलर विकून घ्यावे लागतात, आणि त्या परकीय गंगाजळीत मोठी भर घालतात आखाती देशांत व मलेशियात राबणारे नेपाळी कामगार.

तेव्हा हा दर वरकरणी मध्यवर्ती बँकेचा निर्णय दिसला, तरी तो तोलून धरला आहे परदेशी राबणाऱ्या हातांनी. तो नुसता मोडून काहीच साधणार नाही. देशात विकण्याजोगा माल वाढेल, त्याला ग्राहक अनेक मिळतील, तेव्हाच चलनाला स्वतःच्या पायांवर उभे राहता येईल.