रिकामी यादी आणि ‘पहा’ची खूण

काही वर्षांपूर्वी आम्ही एका तालुक्यातील विहिरींच्या पाण्याची तपासणी करीत होतो. संगणकात दोन तक्ते होते. पहिल्यात सर्व विहिरी व त्यांचे क्रमांक. दुसऱ्यात तपासलेल्या नमुन्यांच्या नोंदी, प्रत्येक नोंदीत नमुना कोणत्या विहिरीचा तो क्रमांक. काम संपत आले तेव्हा आम्ही संगणकाला विचारले, ‘ज्यांचे क्रमांक दुसऱ्या तक्त्यात नाहीत अशा विहिरी दाखव.’ उत्तर आले : एकही नाही. आम्ही समाधानाने अहवाल लिहायला घेतला. आठवड्याभराने एका गावातून विचारणा झाली, की आमच्या विहिरीचे काय झाले? शोधाशोध केल्यावर कळले, की ११ विहिरी तपासायच्या राहूनच गेल्या होत्या, आणि त्यांचे पाणी लोक रोज पीत होते.

कारण अगदी क्षुल्लक निघाले. एका बाटलीवरची चिठ्ठी भिजून क्रमांक पुसला गेला होता. नोंद करणाऱ्याने अंदाजाने काही न लिहिता ती जागा रिकामी ठेवली. त्याचे काही चुकले नाही. पण त्या एका रिकाम्या जागेने ११ विहिरी गिळल्या. कशा, ते पाहू.

माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्यासाठी एसक्यूएल ही भाषा वापरतात. तिचे मूळ रूप चेंबर्लिन व बॉइस यांनी आयबीएम कंपनीत असताना १९७४ मध्ये मांडले. या भाषेत ‘व्हेअर’ या शब्दापुढे अट लिहितात. ती एक चाळणीच असते. तक्त्यातील एकेक ओळ तिच्यातून जाते. अट खरी ठरली तर ओळ हाती राहते, नाहीतर गळते. आपण सहज धरून चालतो, की अटीची उत्तरे दोनच, खरे किंवा खोटे. एसक्यूएलमध्ये तिसरेही उत्तर आहे : ‘सांगता येत नाही’. रिकाम्या जागेला तेथे ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे माहीत नाही. वर्गातला गैरहजर विद्यार्थी घ्या. त्याच्या गुणांची जागा रिकामी आहे. ‘३५ पेक्षा कमी गुण असलेले’ असे विचारले तर तो यादीत येत नाही, आणि ‘३५ किंवा अधिक’ असे विचारले तरी येत नाही. दोन्ही याद्यांची बेरीज पटसंख्येइतकी भरत नाही, ती यामुळे.

आता विहिरींकडे येऊ. ‘यादीत नसलेले’ यासाठी ‘नॉट इन’ असा शब्दप्रयोग आहे. समजा, तपासलेल्या नोंदींत १२, १४ आणि एक रिकामी जागा आहे. १७ क्रमांकाची विहीर यादीत नाही ना? १७ हे १२ नव्हेत, खरे. १७ हे १४ नव्हेत, तेही खरे. १७ आणि ती रिकामी जागा वेगळी आहे का? सांगता येत नाही. दोन ‘खरे’ आणि एक ‘सांगता येत नाही’ यांची गोळाबेरीज ‘सांगता येत नाही’ अशीच होते, म्हणून १७ चाळणीतून गळते. आणि १८, १९, सगळ्याच! खरे म्हणजे संगणक येथे प्रामाणिक आहे. ती भिजलेली बाटली १७ ची असूही शकेल. घात होतो तो एवढ्यासाठी, की ‘एकही नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ हे दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, रिकामे. (हाच प्रश्न ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरून विचारला, तर रिकामी नोंद बाजूला पडते व १७ यादीत येते. फार तर एखादी विहीर दुसऱ्यांदा तपासली जाईल.)

नंतर आम्ही त्या प्रणालीची माहितीपुस्तिका घेऊन बसलो. तिच्यात चूक एकही नव्हती. व्हेअरच्या प्रकरणात लिहिले होते, की अट खरी ठरेल त्याच ओळी राहतात. नलच्या प्रकरणात लिहिले होते, की नलशी केलेल्या तुलनेचे उत्तर अनिश्चित असते. नॉट इनच्या पानावर वाक्यरचना आणि एक उदाहरण होते, पण त्या उदाहरणात रिकामी जागा नव्हती. तिन्ही वाक्ये एकत्र ठेवली की आमची चूक लगेच दिसते. मात्र नॉट इनचे पान वाचणाऱ्याने नलचे प्रकरण उघडावे तरी कशाला? त्याला काही अडलेलेच नसते. पुस्तकाच्या शेवटची सूची उपयोगी पडते ती ज्याला शोधायचा शब्द ठाऊक आहे त्याला. ‘पहा’ची खूण हवी असते ती, आपल्याला काही ठाऊक नाही हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी.

वाईच्या मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी ‘पहा :’ म्हणून इतर नोंदींची नावे असतात. जिज्ञासू वाचकाला ते पुरते. पण काम चालू असताना पुस्तिका उघडणारा माणूस प्रकरणाच्या शेवटापर्यंत जात नाही; पाच ओळी वाचतो आणि कामाला लागतो. म्हणून खूण त्या पाच ओळींतच हवी, आणि ती मुकी नको. ‘नल पहा’ यापेक्षा ‘यादीत एक जरी नल असला तरी नॉट इनचे उत्तर कधीच खरे येत नाही, कारणासाठी नल पहा’ असे लिहिले, तर जो पुढे पाहणार नाही तोही वाचतो. पोस्टग्रेस्क्यूएल या मोफत प्रणालीच्या पुस्तिकेत ही सूचना नॉट इनच्या वर्णनातच दिलेली आहे. त्या पुस्तिकेची आणखी एक सोय अशी, की लेखक मूळ मजकुरात विभागाचा क्रमांक न लिहिता त्याचे खुणेचे नाव लिहितात व क्रमांक छपाईच्या वेळी आपोआप येतो. नव्या आवृत्तीत विभाग पुढेमागे सरकले तरी वाट चुकत नाही. हाताने लिहिलेले ‘प्रकरण ९ पहा’ दोन आवृत्त्यांनंतर भलत्याच दारात नेऊन सोडते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते उलट दिशेच्या खुणांकडे. नलच्या प्रकरणातून तो जेथे जेथे अडचण करतो त्या सर्व जागांकडे वाट हवी. त्यातली एक जागा आम्हांला फार उशिरा कळली. तक्त्यात चुकीची माहिती शिरू नये म्हणून ‘चेक’ नावाची अट घालता येते. आम्ही ती घातली होती : विहिरीचा क्रमांक शून्यापेक्षा मोठा हवा. तरी रिकामी जागा आत कशी आली? कारण चेक फक्त ‘खोटे’ असेल तेव्हाच अडवते. ‘सांगता येत नाही’ला ती सोडून देते. व्हेअर त्याच उत्तराला गाळते. एकाच उत्तराला एका दारात प्रवेश, दुसऱ्या दारात मनाई! रिकामी जागा नकोच असेल, तर ‘नॉट नल’ असे वेगळे बजावावे लागते. चेकच्या पानावरून व्हेअरकडे आणि व्हेअरच्या पानावरून चेककडे खूण असती, तर ती नोंद तक्त्यात शिरलीच नसती. अर्थात प्रत्येक पानावरून प्रत्येक पानाकडे खुणा करत सुटले, की वाचक कोणतीच पाहत नाही. जेथे दोन नियम एकत्र आल्यावर वाचकाची अपेक्षा उलटते, तेथे मात्र ती टाळू नये.

वर्गात हे करून पाहता येईल. एका घटक चाचणीच्या गुणांचा तक्ता फळ्यावर लिहा, गैरहजरांच्या जागा रिकाम्या ठेवा, आणि उत्तीर्ण व अनुत्तीर्ण अशा दोन याद्या दोन गटांकडून करवून घ्या. गैरहजरांचे काय करायचे, हे कोणत्याही गटाला सांगू नका. मग मुलांना त्या तक्त्याखाली एकच टीप लिहायला सांगा, पुढच्या वाचकासाठी. टीप कोठे लिहायची यावरून बराच वाद होईल. तो होऊ द्यावा.