मोंढ्यातील सावलीचे कापड

वैशाखात जालन्याच्या मोंढ्यातला हमाल पोती उतरवून दम खायला कुठे बसतो, हे आपण कधी पाहिले आहे काय? तो ट्रकच्या सावलीत बसतो. ट्रक निघाला की सावलीही निघते. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. त्या कायद्यासाठी झगडलेल्यांचे मोल मोठेच आहे; पण डोक्यावरचे ऊन कलमाने अडत नाही, ते कापडाने अडते. म्हणून आज कापडाविषयीच बोलू.

आधी आमची चूक सांगतो. आम्ही वर्गणी काढून स्वस्तातली प्लॅस्टिकची ताडपत्री आणली आणि बुटक्या बांबूंवर ताणली. पावसाला ती उत्तम असते, म्हणून उन्हालाही चालेल असे वाटले. पण तिच्यातून वारा जाईना, आणि तापलेले प्लॅस्टिक खाली धग टाकू लागले. दुसऱ्या उन्हाळ्यात ती उन्हाने कुजून चिरफाळली. मग वावटळ आली, उरलीसुरली ताडपत्री शिडासारखी फुगली आणि बांबू उखडून पडला. खाली कोणी नव्हते, एवढेच नशीब.

तेव्हापासून आम्ही कापडाला तीन प्रश्न विचारतो. ऊन किती अडते? वारा जातो का? उन्हात टिकते किती?

जाड सुती कॅनव्हास ही जुनी, खात्रीची वस्तू. उष्ण समुद्रातून जाणाऱ्या जहाजांच्या डेकवर पूर्वी याचेच छत ताणीत. ते थोडी हवा खेळू देते, आणि भिजले की सूत फुगून विणीतली छिद्रे मिटतात. मात्र भिजलेले कापड आकसते, म्हणून पावसात दोर सैल करावे. ओलेच घडी घातले तर बुरशी धरते. मेण चोपडलेली सुती ताडपत्री मालावर घालावी, माणसांवर नको. ती जड असते आणि कोंडते.

ॲक्रिलिकचे कापड नवे. त्यात धागा काढण्यापूर्वीच रंग मिसळलेला असतो, त्यामुळे तो लवकर उडत नाही, आणि कापड कुजतही नाही. हौशी नौकांवर हल्ली तेच दिसते. आमच्या वर्गणीला ते परवडले नाही.

तिसरी शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी. पन्नास, पंचाहत्तर, नव्वद असे तिचे आकडे ती किती टक्के ऊन अडवते ते सांगतात. घेताना अतिनील किरणांना टिकणारी आहे का, हे विचारावे. गडद जाळी स्वतः तापते; म्हणून ती उंच बांधावी. दोन थर वीतभर अंतराने ताणले तर वरचा ऊन झेलतो आणि मधला वारा धग वाहून नेतो.

आणखी एक गोष्ट सूर्याची. जालना सुमारे २० उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, तेव्हा छताची सावली छताखालीच पडते. पण तीननंतर ऊन पश्चिमेकडून तिरपे आत शिरते. यासाठी पश्चिमेला एक पडदा हवाच.

शेवटी आम्ही नमुन्याचे तुकडे ताणले आणि भर दुपारी लोकांनाच खाली बसवले. धान्य निवडणारी एक आजी म्हणाली, "सावली थोडी कमी पडली तरी चालंल, पर वारं अडवू नका." तिच्या शब्दावर पंचाहत्तर टक्क्यांची जाळी ठरली, पश्चिमेला कॅनव्हासचा पडदा.

आपल्या जिल्ह्यात मिरचीच्या बीजोत्पादनासाठी जाळ्या उभ्या आहेत. रोप करपू नये म्हणून शेतकरी जीव टाकतो, आणि ते योग्यच आहे. त्याच मिरचीचे पोते उचलणाऱ्याला तेवढी जाळी मिळावी, एवढेच आमचे म्हणणे. आणि ती निवडताना दुकानात भाव विचारण्याआधी, तिच्याखाली बसणाऱ्याला विचारावे.