कोडच्या आधी कागद

अभियांत्रिकी, बीएस्सी आयटी किंवा एमसीएच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो आणि त्याच्या अहवालात ‘एसआरएस’, म्हणजे सॉफ्टवेअरकडून काय काय अपेक्षित आहे याचा दस्तऐवज जोडावा लागतो. तो कोडच्या आधी लिहायचा असतो. पण अनेक गट आधी ॲप उभं करतात आणि सबमिशन जवळ आलं की सीनियरांची ‘ब्लॅक बुक’, म्हणजे बांधलेले जुने अहवाल, मिळवून त्यातला एसआरएस प्रोजेक्टचं नाव बदलून उतरवतात. गाइडची सही होते, गुणही मिळतात. मात्र अख्ख्या प्रोजेक्टमध्ये सर्वांत जास्त शिकवणारं काम होतं ते हेच, आणि ते कारकुनी समजून टाळलं जातं. गरज लिहिणं म्हणजे काय बांधायचं, कोणासाठी आणि का, हे ठरवणं. सगळं बांधून झाल्यावर ठरवायला फारसं काही उरत नाही.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी सॉफ्टवेअर हा वर्षानुवर्षं चालत आलेला विषय घेऊ. त्याच्या एसआरएसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘पुस्तक उशिरा परत केल्यास सिस्टीमने दंड आकारावा.’ वाचताना यात काही खटकत नाही. कोड लिहायला बसलं की प्रश्न सुरू होतात. दिवसाला दंड किती, आणि तो दर बदलायचा अधिकार कोणाला? मधे रविवार किंवा दिवाळीची सुट्टी आली तर ते दिवस धरायचे का? दंड वाढत वाढत पुस्तकाच्या किमतीपुढे गेला तर? ग्रंथपालांनी दंड माफ केला तर त्याची नोंद कुठे राहणार? ही उत्तरं लॅबमध्ये बसून मिळत नाहीत. त्यासाठी ग्रंथालयाच्या काउंटरपाशी थांबावं लागतं, ग्रंथपालांना विचारावं लागतं, त्यांचं रजिस्टर चाळावं लागतं. तेवढं केलं की वाक्य असं होतं: ‘मुदत संपल्यावर ग्रंथालय उघडं असलेल्या प्रत्येक दिवसासाठी ठरलेल्या दराने दंड लागेल, एकूण दंड पुस्तकाच्या नोंदवलेल्या किमतीपेक्षा जास्त होणार नाही, दर फक्त ग्रंथपाल बदलू शकतील.’ आता याची चाचणी घेता येते. रविवारी ग्रंथालय बंद असेल आणि शनिवारी मुदत संपलेलं पुस्तक सोमवारी परत आलं, तर दंड एकाच दिवसाचा दिसला पाहिजे.

‘सिस्टीम वेगवान आणि युजर-फ्रेंडली असावी’ हे असंच दुसरं ठरलेलं वाक्य. अनेक महाविद्यालयांत एसआरएसचा साचा ज्या आयईईई ८३० या मानकावरून आला, त्याच्या १९९८ च्या आवृत्तीत चांगल्या दस्तऐवजाचे जे गुण सांगितले आहेत, त्यांत संदिग्धता नसणं आणि पडताळता येणं हे दोन्ही आहेत. पुढे २०११ मध्ये या मानकाची जागा २९१४८ क्रमांकाच्या मानकाने घेतली, तरी ही अपेक्षा कायम राहिली. ‘वेगवान’ हा शब्द पडताळता येत नाही. मराठी पुस्तकांच्या शोधाबाबत तर नेमकेपणाची गरज अधिकच. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर म्हणून साठवता येतो, तसाच ‘र’ला नुक्ता जोडूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणक ते वेगळे धरू शकतो आणि कपाटात असलेलं पुस्तक शोधात सापडत नाही. ‘दोन्ही प्रकारे टाइप केलेलं शीर्षक सापडलं पाहिजे’ ही ओळ उतरवलेल्या एसआरएसमध्ये सहसा नसते. मराठी वाचकाचा विचार करून लिहायला बसलेल्यालाच ती सुचते.

उतरवलेली गरज किती महागात पडू शकते, याचा दाखला अंतराळ क्षेत्रात आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात, ४० सेकंदांच्या आसपास नष्ट झालं. दिशादर्शक यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन ४ वरून घेतलेलं होतं. त्यातला एक भाग उड्डाणानंतरही काही काळ चालू राहावा, ही जुन्या रॉकेटची गरज होती. नव्या रॉकेटला तिचा काहीच उपयोग नव्हता. एरियन ५ चा आडवा वेग जास्त असल्याने त्या भागातला एक आकडा १६ बिटांच्या जागेत मावेना, आणि मुख्य व राखीव अशा दोन्ही यंत्रणा बंद पडल्या. नव्या रॉकेटच्या मार्गाची माहिती या यंत्रणेच्या गरजांच्या दस्तऐवजात घेतलीच नव्हती, असं चौकशी समितीला आढळलं. गरज पुढच्या रॉकेटपर्यंत पोहोचली, पण ती आता लागू आहे का, हे कोणी तपासलं नाही. सीनियरांचा एसआरएस उतरवताना हेच घडतं. म्हणून प्रत्येक गरजेसोबत तिचं कारण आणि तिची कसोटी लिहिलीच पाहिजे.

यावर पहिला आक्षेप ‘अजाइल’चा, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बांधण्याच्या पद्धतीचा, असतो: आता इतकं लिहीत बसण्याचे दिवस गेले. २००१ साली अमेरिकेतल्या युटामध्ये १७ जणांनी काढलेल्या अजाइलच्या जाहीरनाम्यात भरमसाट कागदपत्रांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला जास्त मोल दिलं आहे, हे खरं. पण कागदपत्रांनाही मोल आहे, हे त्याच जाहीरनाम्यात मान्य केलेलं आहे. शिवाय अजाइल पद्धतीत छोट्या ‘युजर स्टोरी’सोबतही, म्हणजे वापरकर्त्याच्या बाजूने मांडलेल्या गरजेसोबतही, ती पूर्ण झाली हे कशावरून मानायचं, ते लिहितात. पानं कमी करा, हे मान्य. नेमकेपणा कमी करून चालणार नाही. गरजा बदलत राहतात, हा दुसरा आक्षेप. त्या बदलतातच, आणि म्हणूनच आधी काय ठरलं होतं ते तारखेसह लिहिलेलं हवं. नाहीतर काय बदललं आणि त्यामुळे कोडचा कोणता भाग पुन्हा तपासायचा, हे कळणार कसं? तिसरा आक्षेप ताजा आहे: चॅटजीपीटी मिनिटभरात पानंच्या पानं लिहून देतं. देतं खरं, पण तुमच्या ग्रंथालयाच्या सुट्ट्या आणि दंडमाफीची रीत त्याला ठाऊक नसते. आपल्या मसुद्यात काय राहून गेलं, हे विचारण्यासाठी ते जरूर वापरावं. सॉफ्टवेअर बांधताना सर्वांत अवघड असतं ते नेमकं काय बांधायचं हे ठरवणं, असं संगणकशास्त्रज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९८६ मध्येच ‘नो सिल्व्हर बुलेट’ या निबंधात मांडलं होतं. कोड यंत्र लिहू लागल्यावर तर माणसाच्या वाट्याला मुख्यतः हेच अवघड काम उरतं.

विद्यार्थ्यांना दोष देऊन मात्र भागणार नाही, कारण ज्याला गुण मिळतात तेच ते करतात. पहिल्या रिव्ह्यूला स्क्रीनच्या चित्रांऐवजी चार पानांचा एसआरएस मागावा, आणि सॉफ्टवेअर ज्याच्यासाठी आहे त्या माणसाने तो वाचून सही केलेली असावी. व्हायवाला परीक्षकांनी त्यातल्या कोणत्याही तीन ओळी निवडाव्यात आणि प्रत्येकीबद्दल दोनच प्रश्न विचारावेत: ही गरज का, आणि ती पूर्ण झाली हे दाखवा. ज्याने ग्रंथपालांशी बोलून लिहिलं आहे तो सहज उत्तर देईल. ज्याने उतरवलं आहे तो अडेल. एवढा एक बदल झाला, तरी दुसऱ्याची गरज ऐकून घेण्याची आणि ती नेमक्या शब्दांत मांडण्याची सवय घेऊन मुलं नोकरीला लागतील.