घरची मिसळ : तेल कमी, कट तोच

तर्रीचा हिशेब
ठाण्याची मामलेदार मिसळ तिच्या तिखटपणासाठी प्रसिद्ध आहे. ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत घरोघरी मिसळ करताना तोच लालभडक कट डोळ्यांसमोर असतो. चौघांच्या मिसळीत अर्धी वाटी, म्हणजे सुमारे 110 ग्रॅम तेल सहज जाते. एक ग्रॅम स्निग्धांशातून 9 किलोकॅलरी मिळतात. त्यामुळे पाव आणि फरसाण येण्याआधीच माणशी जवळजवळ 250 किलोकॅलरी केवळ तेलातून येतात. दोन मोठे चमचे तेल घेतल्यास हा आकडा 60 च्या आसपास उतरतो.

तेलाचे काम
मिरचीचा लाल रंग आणि मसाल्यांचा बराचसा सुगंध पाण्यात नव्हे, तेलात विरघळतो. म्हणूनच बिनतेलाचा कट फिका आणि कच्चट लागतो. मात्र रंग उतरवायला थोडे तेलही पुरते. फोडणी खाली उतरवून त्यात बेडगी मिरचीची पूड घालावी आणि ती करपण्याआधी गरम पाणी ओतावे. कटाचा दाटपणा वाटणातून येतो, आणि तेलाची छुपी भरही तिथेच असते : सुक्या खोबऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग स्निग्धांशाचा असतो. निम्मे खोबरे वगळून त्याऐवजी भाजलेला कांदा आणि डावभर शिजलेली मटकी वाटल्यास कट दाटच राहतो. चवीत थोडा फरक पडतो, पण तो खटकण्याइतका नसतो.

मोड
सकाळची लोकल पकडण्यापूर्वी भिजत घातलेली मटकी रात्री फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड येतात. मोड येताना फायटिक आम्ल घटते, त्यामुळे लोह शोषले जाणे सोपे होते. ‘क’ जीवनसत्त्वही तयार होते, पण शिजवताना त्यातील बरेचसे नष्ट होते. वरून पिळलेले लिंबू ही उणीव भरून काढते. मिसळीवर लगेच घेतलेला चहा मात्र लोहाच्या शोषणाआड येतो. चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते, म्हणून दोहोंत तासाभराचे अंतर हवे.

मीठ
हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनानुसार दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा अधिक मीठ नको. मिसळीत कट, फरसाण आणि पाव हे तिन्ही खारे असतात. कट थोडा अळणी ठेवून फरसाण मूठभरच घेतल्यास, तेही वाढताना घातल्यास, जिभेला मीठ कमी जाणवत नाही. चिरलेला कांदा आणि कोथिंबीर मात्र सढळ हाताने घालावी.

मर्यादा
दमट उन्हाळ्यात बांधलेली मटकी लवकर आंबते. चिकट झालेली किंवा वास येणारी मटकी टाकून द्यावी. मोड पूर्ण शिजवणेच सुरक्षित, कारण त्याच उबेत जंतूही वाढतात. पावाऐवजी ज्वारीची भाकरी घेतल्यास तंतू वाढतात, पण पिष्ट राहतेच, त्यामुळे मधुमेहात भाकरीही मोजूनच खावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास कडधान्यांतील प्रथिने आणि पोटॅशियम किती चालतील, हे डॉक्टरांनीच ठरवावे.