सुटीचा प्रवास आणि विमानतळावरील खोळंबा

दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याची सुटी हे आपल्याकडे प्रवासाचे दिवस होत. एके काळी या दिवसांत जी गर्दी केवळ एस. टी. स्थानकांवर आणि रेल्वेच्या फलाटांवर दिसे, ती आता विमानतळांवरही दिसू लागली आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेखालील पहिल्या उड्डाणांचा प्रारंभ झाला, त्यांमध्ये नांदेड-हैदराबाद या मार्गाचा समावेश होता. विमानप्रवास हा मोजक्या धनिकांचा विषय राहिलेला नाही, याची ती एक खूण होती. सुटीत सहकुटुंब निघालेले शिक्षक व कर्मचारी, दूरच्या शहरात नोकरीस असलेली गावाकडची मुले आणि त्यांच्या भेटीस निघालेले वृद्ध आईवडील हे सर्व आज विमानाचे प्रवासी आहेत. त्यांपैकी अनेकांचा तो पहिलाच किंवा दुसराच विमानप्रवास असतो.

अशा प्रवाशाचे उड्डाण ऐनवेळी रद्द झाले म्हणजे त्याची फार कोंडी होते. कोणास विचारावे, काय मागावे आणि कोठवर थांबावे हे त्यास ठाऊक नसते. तो रात्र लाकडी वा लोखंडी बाकावर काढतो, नाहीतर मिळेल त्या दराने दुसरे तिकीट काढतो आणि आपले नशीब म्हणून गप्प बसतो. वस्तुतः अशा खोळंब्याचा काही भाग निसर्गाचा असतो, तर काही भाग व्यवस्थेचा असतो. या दोहोंमधील सीमारेषा कोठे आहे हे समजले, की प्रवाशाचे हक्कही समजणे सोपे जाते.

एका विमानाची दिवसभराची फेरी

देशांतर्गत मार्गावरील एक विमान दिवसाला एकच फेरी करीत नाही. पहाटे एका शहरातून निघालेले विमान दिवसभरात अनेक शहरांना जोडीत रात्री मुक्कामास पोहोचते. दोन उड्डाणांमध्ये ते जमिनीवर अर्धा-पाऊण तास थांबते. सकाळी दिल्लीच्या धुक्यात ते तीन तास अडकले, तर निरभ्र आकाशाखाली नागपुरास सायंकाळी वाट पाहणाऱ्या प्रवाशासही त्याचा फटका बसतो. "इथे तर स्वच्छ ऊन आहे, मग विमान का नाही?" या त्याच्या प्रश्नाचे उत्तर सकाळच्या दिल्लीत दडलेले असते.

विमानाप्रमाणेच वैमानिक आणि अन्य कर्मचारी यांचीही साखळी असते. थकलेल्या वैमानिकाने विमान चालवू नये यासाठी कामाच्या तासांना आणि विश्रांतीला कायद्याने मर्यादा घातलेल्या आहेत, आणि त्या प्रवाशांच्याच सुरक्षिततेसाठी आहेत. उशीर वाढत गेला की वैमानिकाचे तास संपतात. मग विमान एका शहरात आणि ते चालविण्यास पात्र असलेला वैमानिक दुसऱ्या शहरात, अशी अवस्था होते.

सुटीच्या दिवसांत यात आणखी एका अडचणीची भर पडते. समजा, १८० आसनांचे एक भरलेले उड्डाण रद्द झाले. एरव्ही पुढील प्रत्येक उड्डाणात तीस आसने रिकामी असतील, तर सहा उड्डाणांत सर्वांची सोय लागते. परंतु सणासुदीत प्रत्येक उड्डाणात पाचच आसने रिकामी असतील, तर त्याच प्रवाशांना मार्गी लावण्यास छत्तीस उड्डाणे लागतील. सुटीतील एका दिवसाचा खोळंबा अनेक दिवस पुरतो तो या कारणाने.

अमेरिकेतील २०२२ चा नाताळ

या साखळीचे ठळक उदाहरण अमेरिकेत २०२२ च्या नाताळात पाहावयास मिळाले. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याअखेर त्या देशाच्या मोठ्या भागात तीव्र हिमवादळ आले. सर्वच विमान कंपन्यांना उड्डाणे रद्द करावी लागली, आणि इथवर दोष निसर्गाचाच होता. पुढे वादळ ओसरले आणि बहुतेक कंपन्या काही दिवसांत सावरल्या. 'साउथवेस्ट' या कंपनीची घडी मात्र अधिकच विसकटत गेली. २१ ते ३१ डिसेंबर या काळात तिची १६,९०० उड्डाणे रद्द झाली आणि वीस लाखांहून अधिक प्रवासी अडकून पडले.

कंपनीकडे विमाने होती, वैमानिकही होते. परंतु कोणता वैमानिक कोणत्या शहरात आहे आणि त्याचे किती तास शिल्लक आहेत, याची जुळणी करणारी संगणकीय यंत्रणा इतक्या बदलांचा भार पेलू शकली नाही. कर्मचाऱ्यांना आपला ठावठिकाणा कळविण्यासाठी तासन् तास दूरध्वनीवर ताटकळावे लागले. त्या कंपनीची विमाने एका मुख्य केंद्राकडे परत न येता शहरामागून शहर करीत पुढे जात असल्याने एका ठिकाणचा बिघाड देशभर पसरला. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या परिवहन विभागाने या प्रकरणी कंपनीवर १४ कोटी डॉलरचा दंड लावला. त्याचा मोठा हिस्सा भावी प्रवाशांना भरपाई देण्यासाठी राखून ठेवण्यात आला. वादळाबद्दल कोणी कंपनीस दोषी धरले नाही. वादळानंतर प्रवाशांची जी आबाळ झाली, तिचा जाब तिला द्यावा लागला.

डिसेंबर २०२५ मधील भारताचा अनुभव

आपल्या देशात डिसेंबर २०२५ मध्ये जो खोळंबा झाला, त्यास वादळाचेही निमित्त नव्हते. वैमानिकांच्या थकव्यासंबंधीचे सुधारित नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करणे ही त्यांतील एक प्रमुख तरतूद होती. हे नियम २०२५ मध्ये जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू झाले. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवाशांची वाहतूक करणाऱ्या 'इंडिगो' कंपनीची त्यासाठीची तयारी अपुरी पडली, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद येथील विमानतळांवर सामानाचे ढीग आणि प्रवाशांच्या रांगा लागल्या. लग्नसराईचे दिवस असल्याने अनेकांचे मुहूर्त हुकले.

अडलेल्या प्रवाशाची गरज पाहून अन्य उड्डाणांचे दर भडकले, तेव्हा ६ डिसेंबर रोजी केंद्र शासनास तिकिटदरांवर तात्पुरती कमाल मर्यादा घालावी लागली. ५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासास रु. ७,५०० आणि १,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासास रु. १८,००० अशी ती मर्यादा होती. नव्या नियमांतील काही तरतुदींतून कंपनीस तात्पुरती सूटही द्यावी लागली. सुरक्षिततेसाठी केलेला नियम पूर्वतयारीच्या अभावी काही काळ बाजूस ठेवावा लागावा, ही गोष्ट प्रत्येक प्रशासकाने विचारात घेण्यासारखी आहे.

भारतातील नियम

उड्डाण रद्द होणे, त्यास विलंब होणे किंवा तिकीट असूनही विमानात प्रवेश नाकारला जाणे, या तिन्ही प्रसंगांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१० मध्ये नियम केले. त्यानंतर त्यांत वेळोवेळी सुधारणा झाल्या. त्यांतील मुख्य तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

उड्डाण रद्द झाल्यास प्रवाशास पर्यायी उड्डाण किंवा तिकिटाचा पूर्ण परतावा, यांपैकी एकाची निवड करता येते. रद्द झाल्याची सूचना विहित मुदतीत दिली गेली नसेल, तर याशिवाय भरपाईही देय होते. एक तासापर्यंतच्या उड्डाणास रु. ५,०००, दोन तासांपर्यंतच्या उड्डाणास रु. ७,५०० आणि त्याहून अधिक काळाच्या उड्डाणास रु. १०,००० अशी तिची मर्यादा आहे. एकेरी मूळ भाडे आणि इंधन आकार यांची बेरीज या रकमेहून कमी असल्यास तेवढीच रक्कम मिळते.

विलंबाच्या बाबतीत, अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणास दोन तास वा अधिक उशीर होणार असेल, तर वेळेवर हजर झालेल्या प्रवाशास खाद्यपदार्थ व पेये विनामूल्य द्यावयाची असतात. देशांतर्गत उड्डाणास सहा तासांहून अधिक विलंब होणार असल्यास पर्यायी उड्डाण किंवा परतावा देऊ केला पाहिजे. विलंब चोवीस तासांहून अधिक असेल तर हॉटेलमध्ये निवासाची सोय करावयाची असते. उड्डाणाची ठरलेली वेळ रात्री आठ ते पहाटे तीन या दरम्यानची असेल, तर सहा तासांहून अधिक विलंबासही हीच तरतूद लागू होते.

सुटीत आसनांहून अधिक तिकिटे विकली गेल्याने प्रवेश नाकारण्याचे प्रसंगही येतात. अशा वेळी एका तासाच्या आत पर्यायी उड्डाण मिळाल्यास भरपाई नाही. त्यानंतर चोवीस तासांच्या आत ते मिळाल्यास रु. १०,००० पर्यंत आणि त्याहून उशिरा मिळाल्यास रु. २०,००० पर्यंत भरपाईची तरतूद आहे.

निसर्ग आणि जबाबदारी

पूर, धुके, दंगल, संप, सुरक्षेचा धोका अशा कंपनीच्या आवाक्याबाहेरील कारणांनी उड्डाण रद्द झाल्यास भरपाईची रक्कम द्यावी लागत नाही. अनेकदा या तरतुदीचा अर्थ प्रवाशाचा सर्वच हक्क संपला, असा लावला जातो. तो बरोबर नाही. जी सेवा मिळालीच नाही तिचे पैसे परत मागण्याचा हक्क हवामान बिघडल्याने नाहीसा होत नाही.

युरोपात हीच सीमारेषा न्यायालयाने स्पष्ट केली आहे. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचे आकाश विमानांना बंद झाले, तेव्हा एक महिला पोर्तुगालमध्ये आठवडाभर अडकून पडली. तिच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये असा निर्णय दिला, की अशा असाधारण आपत्तीतही प्रवाशाच्या भोजनाची व निवासाची जबाबदारी कंपनीवर राहतेच. युरोपातून मायदेशी येणाऱ्या मराठी कुटुंबांनी हा निर्णय ध्यानात ठेवावा. युरोपीय संघाचा २००४ चा नियम तेथील विमानतळावरून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या उड्डाणास लागू होतो.

माहिती देणे हेदेखील याच जबाबदारीचे अंग आहे. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीस निघालेले विमान धुक्यामुळे मुंबईस वळविण्यात आले, आणि वैतागलेल्या प्रवाशांनी विमानाशेजारी जमिनीवरच बसून जेवण केले. त्या प्रकरणी विमान कंपनी आणि विमानतळाचे चालक या दोघांनाही दंड झाला. त्याच सुमारास महासंचालनालयाने कंपन्यांना सूचना दिल्या, की विलंबाची खरी माहिती प्रवाशांना वेळच्या वेळी द्यावी आणि तीन तासांहून अधिक उशीर होणार असे दिसल्यास उड्डाण आधीच रद्द करण्याचा विचार करावा.

प्रवाशाने घ्यावयाची दक्षता

तिकीट काढताना प्रवाशाचा स्वतःचा मोबाईल क्रमांक नोंदविला गेला आहे ना, हे सर्वप्रथम पाहावे. गावाकडे पुष्कळदा तिकीट एजंटामार्फत किंवा नात्यातल्या एखाद्या मुलाकडून काढले जाते आणि क्रमांक त्याचाच राहतो. मग रद्द झाल्याचा निरोप त्याच्याकडे जातो आणि प्रवासी विमानतळावर येऊन थांबतो. संपर्काची पुरेशी माहिती न दिल्यास भरपाईचा हक्कही जातो.

खोळंबा झाल्यास तिकीट, बोर्डिंग पास, आलेले संदेश आणि जेवणाखाणाच्या व निवासाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. रद्द होण्याचे कारण कंपनीकडून लेखी मागावे, कारण भरपाई त्या कारणावरच अवलंबून असते. पर्यायी उड्डाण की परतावा, याचा निर्णय घाईने करू नये. परतावा घेतला की गंतव्य स्थानी पोहोचविण्याची कंपनीची जबाबदारी संपते, आणि सुटीतील नवे तिकीट बहुधा परताव्याच्या रकमेत येत नाही. औषधे, लहान मुलांचे खाणे आणि एक जोडी कपडे हातातील पिशवीतच असावेत.

तक्रार प्रथम कंपनीकडे करावी. तेथे दाद न मिळाल्यास केंद्र शासनाच्या 'एअरसेवा' या संकेतस्थळावर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर ती नोंदविता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये ग्राहकास आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. त्यामुळे नांदेडच्या प्रवाशास मुंबईत घडलेल्या तक्रारीसाठी मुंबईस खेटे घालण्याचे कारण उरत नाही.

थोडी मोकळीक

या उदाहरणांतून प्रशासनासही एक धडा घेता येतो. प्रत्येक विमान, प्रत्येक वैमानिक आणि प्रत्येक मिनिट कामास जुंपलेले असले की चांगल्या दिवसात व्यवस्था काटकसरीची दिसते, पण पहिल्याच धक्क्यास ती कोलमडते. गणपतीत कोकणात जाणाऱ्या जादा गाड्या असोत, आषाढीची वाहतूक असो किंवा गावातील पाणीपुरवठा असो, राखीव गाडी, बदली चालक आणि जादा पंप यांवरील खर्च अडचणीच्या दिवशीच कामी येतो.

शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील प्रवाशांना निदान दोन गोष्टी अवश्य सांगाव्यात. तिकिटावर स्वतःचा क्रमांक घालावा आणि उड्डाण रद्द झाल्यास कारण लेखी मागावे. नियम पुस्तकात असतात, परंतु ते मागणाऱ्यालाच उपयोगी पडतात.