कमी साठा, जास्त भरवसा

गोदाम भरलेले असले की धंदा भरभराटीला आला, अशी आपल्याकडील कारखानदारांची जुनी समजूत आहे. जपानच्या टोयोटा मोटार कंपनीने ती खोटी ठरविली. साठून राहिलेला माल म्हणजे अडकून पडलेला पैसा, असे या कंपनीचे अभियंते ताइची ओहनो मानत. जो भाग लागेल तो लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच मागवायचा, ही पद्धत त्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे रुजविली. पुढे जगाने तिला 'लीन मॅन्युफॅक्चरिंग' असे नाव दिले.

या पद्धतीत जागा वाचते, भांडवल मोकळे होते आणि खराब माल लगेच उघडकीस येतो. पण एक पुरवठादार थांबला की सगळेच काम थांबते. याचा अनुभव खुद्द टोयोटानेच घेतला.

१ फेब्रुवारी १९९७ रोजी पहाटे जपानमधील कारिया येथे आयसिन सेइकी या कंपनीच्या कारखान्यास आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणारा एक छोटासा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तेथूनच येत असे. टोयोटाकडे त्याचा साठा होता अवघ्या काही तासांचा! जपानमधील तिचे बहुतेक सर्व कारखाने बंद पडले.

काम कित्येक आठवडे सुरू होणार नाही, असा काही तज्ज्ञांचा अंदाज होता. परंतु दीडशेहून अधिक छोटेमोठे कारखाने मदतीस धावून आले. आयसिनने त्यांना नकाशे दिले. शिलाई मशीन बनविणाऱ्या ब्रदर कंपनीनेही हे व्हॉल्व्ह तयार करून दिले. 'पैसे किती देणार?' हा प्रश्न कोणी आधी विचारला नाही. आठवडाभरातच टोयोटाचे कारखाने पुन्हा चालू झाले. नंतर टोयोटा व आयसिनने या कारखान्यांना मोबदला दिला.

हे पुरवठादार का धावले? टोयोटा त्यांच्याशी वर्षानुवर्षे व्यवहार ठेवत आली होती. तिचे अभियंते त्यांच्या शेडमध्ये जाऊन काम सुधारण्यास मदत करीत. म्हणजे कमी साठ्याची जोखीम भरवशाने भरून निघाली होती.

तरी केवळ भरवशावर भागत नाही, हेही टोयोटा शिकली. २०११ च्या भूकंपानंतर तिने पुरवठादारांना चिपचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवण्यास सांगितले. त्यामुळे २०२१ च्या चिपटंचाईत ती इतरांपेक्षा जास्त दिवस टिकली. त्या सप्टेंबरात मात्र तिलाही जगभरातील उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी घटवावे लागले.

आता हीच पद्धत आपल्याकडे कशी राबविली जाते ते पाहू. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर येथे सुटे भाग बनविणाऱ्या लहान कारखानदारांची एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. मोठी कंपनी आपले गोदाम रिकामे करते आणि 'माल तयार ठेवा, बोलावू तेव्हा पाठवा' असे सांगते. शेड्यूल आदल्या दिवशी बदलते, बिल मात्र तीन-तीन महिने निघत नाही. येथे साठा कमी झालेला नसतो. तो फक्त मोठ्याच्या गोदामातून लहानाच्या शेडमध्ये आलेला असतो. याला आम्ही लीन म्हणणार नाही.

लहान कारखानदाराने काही गोष्टी सांभाळाव्यात. उद्यम नोंदणी करून घ्यावी. ऑर्डर व पैशाची मुदत लेखी घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. ही मुदत चुकविणाऱ्या कंपनीस आयकरात त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय मिळत नाही. ही तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आहे. शिवाय एकाच ग्राहकावर सगळा धंदा टांगून ठेवू नये.

मोठ्या कंपन्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, आगीच्या रात्री पुरवठादार धावून यावा असे वाटत असेल, तर त्याचे बिल वेळेवर द्या.